गुरुवारची कॅप्सूल

जावयाने सासुरवाडीला यावं, वाढलेलं खावं, हात धुवावा आणि सुपारी तोंडात टाकून आपल्या घरची वाट धरावी. देवाने जावयाच्या जातीला एवढंच काम नेमून दिलंय, आणि तेवढं ज्याला धड जमतं त्याला तुळसाबाई मनातल्या मनात पास करत. त्यांचा जावई राकेश नापास होता.

तो जेवायला बसला की आधी दुसऱ्यांच्या ताटांत बघायचा. कुणी काय घेतलंय, त्यात काय पडलंय, आज वार कुठला. तीन वर्षांमागे डोंबिवलीतल्या कुठल्याशा महाराजांच्या सत्संगात जाऊन गळ्यात माळ घालून आला, तेव्हापासून हा चेव. त्याआधी हाच माणूस बाळकुमला सासुरवाडीत आला की सुरमईचे काटे इतके साफ चोखायचा की दारची मांजर त्याच्या नावाने बोटं मोडायची. आता साधा बिस्किटाचा पुडा हातात आला तरी उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचायचा आणि नाक मुरडायचा. तुळसाबाई दुसरीतून उठून मिठागरावर गेलेल्या. वाचायला शिकून माणूस पुड्यांच्या पाठीच वाचणार असेल, तर आपण वेळेवर उठलो हेच बरं, असं त्यांना वाटायचं.

पण बोलायची सोय नव्हती. ज्या बाईने बिल्डरच्या माणसाला ओट्यावर उन्हात उभं ठेवून उभ्यानेच पाणी पाजलं, नगरसेवकाला त्याच्या लहानपणीच्या टोपणनावाने भर सभेत हाक मारली, तिला जावयापुढे मात्र जीभ गिळावी लागायची. लेक त्याच्या घरी नांदत होती. सासूने जावयाला उलटून बोलायचं नसतं, हा गावचा रिवाज, आणि रिवाज मोडणाऱ्या बायकांना तुळसाबाईंनी आयुष्यभर नावं ठेवलेली.

त्या रविवारी राकेशने सुपारीसाठी त्यांचा पानाचा डबा उघडला. न विचारता. आणि डब्यात पानांखाली दडवलेलं औषधाचं पाकीट बाहेर काढलं.

"आई, ही कसली कॅप्सूल?"

"पित्ताची," तुळसाबाई म्हणाल्या.

"पित्ताची अशी नसते." त्याने पाकीट उलटं केलं, मोबाईल काढला, अंगठ्याने टकटक केलं. सगळे बसले होते. मुलगा धनेश, सून दर्शना, लेक उत्तरा, डोंबिवलीहून आलेली नात समृद्धी. "अहो, ही तर डिप्रेशनची आहे!"

पलंगाखाली देशी दारूची बाटली सापडावी तसा त्याचा सूर. धनेशने मान खाली घातली. उत्तरा आईकडे बघत राहिली. समृद्धीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि हळदीला आजीच धवले गाणार, असं ती मैत्रिणींना सांगत फिरत होती. ती म्हणाली, "पप्पा, ठेवा ना ते परत."

पण राकेशचं वाचन संपलं नव्हतं. "आणि हे वरचं कवच माहीत आहे कशाचं असतं? जिलेटिनचं. जनावरांची हाडं, कातडी उकळून करतात. आज रविवार आहे म्हणून ठीक. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी पण घेता की काय?"

पन्नास वर्षांत त्या तीन वारांना तुळसाबाईंच्या चुलीवर मासळी चढली नव्हती. सुकटीचा वाससुद्धा घरात फिरकू द्यायचा नाही, म्हणून त्या दिवशी डबा माळ्यावर जायचा. लेक-सुनांनी वार मोडला तर त्या ताट उचलून अंगणात ठेवत. आणि हा माळकरी बोका सांगत होता की गेले दोन आठवडे तुळसाबाई सोमवारीसुद्धा सकाळी उठून हाडं गिळताहेत.

त्यांनी डबा ओढून घेतला आणि कडी लावली.

*

ही कॅप्सूल घरात आली ती दर्शनामुळे, आणि दर्शनाने ते केलं खाऱ्या जवळ्यामुळे.

तुळसाबाईंचे मालक गोविंदा गेल्या पावसाळ्यात गेले. भरल्या घरातून, झोपेत, कुणाला त्रास न देता. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण. तुळसाबाई रडल्या, बारावं-तेरावं झालं, गाव जेवलं. मग हळूहळू त्या गप्प झाल्या. पहाटे जाग यायची आणि उठावंसं वाटायचं नाही. खाडीवरून ताज्या चिंबोऱ्या आल्या तरी ताटाकडे बघायच्या जसं काय कुणी लाकडाची ढलपी वाढलीय. घरच्यांना वाटलं, दुःख आहे, उतरेल.

एके दिवशी दर्शनाने जवळ्यात चुकून दोनदा मीठ घातलं. तोंडात धरवेना. ती दारामागे अंग चोरून उभी राहिली, आता आपल्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार म्हणून. तुळसाबाई मुकाट्याने जेवल्या, पाणी प्यायल्या, उठल्या. दर्शना धनेशला म्हणाली, "अहो, आई मला काही बोलल्या नाहीत." धनेशच्या हातातली भाकरी हातातच राहिली. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दोघांनी त्यांना माजिवड्याला डॉक्टरकडे नेलं.

मनाचा डॉक्टर म्हटलं असतं तर तुळसाबाई गाडीतून उतरल्याच नसत्या. "कोलशेतच्या डोरोथीची नात आहे, नवीन दवाखाना टाकलाय, नुसतं बघून येऊ," असं सांगून नेलं. डोरोथी म्हणजे मिठागरावरची जोडीदारीण. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन दोघी बांधावरून चालायच्या. ही आगऱ्यांची, ती ख्रिस्तावांची, पण पायाला पडलेल्या भेगा सारख्याच. तिची नात बियांका खुर्चीत बसलेली बघून तुळसाबाईंना पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हिचं शेंबडं नाक आपण पदराने पुसलंय, आणि ही आता आपल्याला विचारणार झोप लागते का.

बियांकाने विचारलंच. आणि गोळी देताना सांगितलं, "मावशी, सुरुवातीला मळमळेल, तोंड सुकेल, घाम येईल, जांभया येतील. ते जातं. गुण यायला मात्र चार-सहा आठवडे लागतात. तोवर रोज घ्यायची, जेवण झाल्यावर, नि चुकवायची नाय."

"म्हणजे रोग आधी वाढणार, मग बरा होणार," तुळसाबाई म्हणाल्या. "तुझं शिक्षण बरंच महाग पडलं असेल गो."

पण बियांका खोटं बोलली नव्हती. पहिल्या आठवड्यात फोडणीचा वास आला की आतडी गळ्याशी यायची. जीभ अशी कोरडी, की उन्हातलं मिठागर बरं. जांभया तर एकामागून एक. शेजारच्या गंगुबाईच्या सत्यनारायणाला पोथी चालू असताना तुळसाबाईंनी इतक्या जांभया दिल्या की भटजीने दोन अध्याय आवरते घेतले. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. भटजी तसाही नाकातून वाचायचा. पण स्वतःचं अंग असं आपलं ऐकत नाही, याची मात्र त्यांना शिसारी आली. हातापायांना त्यांनी जन्मभर नोकरासारखं राबवलं होतं. आता तेच नोकर मालकिणीसमोर जांभया देत होते.

दुसऱ्या आठवड्यात मळमळ जरा बसली. एक दिवस बोंबलाचा वास आला आणि नको वाटलं नाही. एवढ्यात तो रविवार आला, आणि राकेशची सुपारी.

*

सोमवारी तुळसाबाईंनी कॅप्सूल घेतली नाही. गुरुवारी नाही. शनिवारी नाही. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे त्या गोळीबद्दल बोलायचं, आणि घरात तिचं नाव अजून पित्ताची गोळी हेच होतं.

मग जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. नागा झाला की दुपारपासून डोकं हलकं व्हायचं. मान वळवली की डोळ्यांमागे काहीतरी चमकायचं, विजेची तार तुटून ठिणगी उडावी तसं. दुसऱ्या दिवशी गोळी घेतली की पुन्हा मळमळ, पुन्हा घाम, पुन्हा कोरड. जिना चढून दमावं, आणि वर पोचलं की कुणीतरी खाली ढकलून द्यावं, आणि पुन्हा चढ म्हणावं. एका शनिवारी मोबाईलवर साबणाची जाहिरात लागली. त्यात एक म्हातारा नातवाचा सदरा वाळत घालत होता. तुळसाबाई ढसाढसा रडल्या. साबणाच्या जाहिरातीवर! गोविंदा असते तर गावभर सांगितलं असतं.

राकेशचे फोन यायचे. "आई, मी म्हणतो बंदच करा ना. आमच्या सत्संगात या. मन शांत झालं की असल्या गोळ्या लागत नाहीत."

"बरं जावईबापू," तुळसाबाई म्हणायच्या. मनात यायचं, मेल्या, तुझ्या सत्संगाला येण्यापेक्षा मी मिठागरात पाय घालून बसेन. पण हे मनात यायचं तेही लांबून, दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसं. तोंडावर आणायची ताकद नव्हती. शिवी सुचून ती देता येऊ नये, याहून वाईट म्हातारपण कुठलं?

आणि धवले येत नव्हते. हळदीला बायका बसून गातात ती गाणी त्यांना सासूकडून तोंडी आलेली, कागदावर कुठेच नाहीत. दुपारी ओट्यावर बसून त्या पहिली ओळ ओठांवर घ्यायच्या, दुसरी यायचीच नाही. समृद्धीचा फोन आला, "आजी, प्रॅक्टिस चाललीय ना?" तुळसाबाईंनी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. गोळ्या फेकून द्याव्यात, आणि समृद्धीला सांगावं, डीजे बोलव बाई, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं.

होळी झाल्यावर दर्शना त्यांना पुन्हा बियांकाकडे घेऊन गेली. बियांकाने पाकीट बघितलं. संपायला हवं होतं, संपलं नव्हतं.

"मावशी, या उरल्या कशा?"

तुळसाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागल्या.

दर्शना खालच्या आवाजात म्हणाली, "वार."

"तुला कोणी विचारलं?" तुळसाबाई म्हणाल्या. मग बियांकाला म्हणाल्या, "कवच हाडाचं हाय म्हणतात. खरं की खोटं?"

"खरं आहे," बियांका म्हणाली. ती हसली नाही, हे तुळसाबाईंनी लक्षात ठेवलं. "पण तीन दिवस सोडून चार दिवस घेतलीत तर अंगाला कळतच नाही, चालू आहे की बंद. म्हणून ते चमकणं. म्हणून रोज नव्याने मळमळ. गोळी वाईट नाय मावशी, तुम्ही तिला बसूच दिली नाय."

"कवच नसलेली नाय का?"

"आहे, दुसरी आहे. साधी गोळी. पण ही हळूहळू उतरवायची, ती हळूहळू चढवायची. पुन्हा पहिल्यापासून."

"परत पहिल्यापासून? तो सगळा ओकाऱ्यांचा सोहळा?"

"थोडाफार. नाहीतर हीच घ्यायची, पण रोज. वार न बघता. यात मी सांगू शकत नाय. माझ्या आजीला लेंटमध्ये, आमच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, कोणी सांगून बघावं, मटणाचा रस्सा पी म्हणून."

"तिला सांगणारा अजून जन्माला यायचाय," तुळसाबाई म्हणाल्या.

*

रात्रभर विचार करायचा आणि सकाळी शहाणं व्हायचं, ही श्रीमंतांची चैन. तुळसाबाईंना काय ते दुपारी, तांदूळ निवडताना सुचलं, आणि सुचल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला, कारण उत्तर घरातच होतं.

उत्तराच्या वेळची गोष्ट. बाळंत होऊन पाचवा-सहावा दिवस, सोमवार, आणि सासूने समोर निवट्यांचं कालवण आणून ठेवलं. खाडीच्या चिखलातल्या त्या मासळीने बाळंतिणीला दूध येतं. तुळसाबाई तेव्हाही ताठ होत्या. म्हणाल्या, "आज सोमवार, मी नाय खाणार." सासू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाळंतिणीला नि आजाऱ्याला वार नसतो. तू दोन्ही नसशील तर ऊठ, टोपली घे नि मिठागरावर चल." तुळसाबाईंनी कालवण वाटी चाटून संपवलं होतं.

म्हणजे कायदा होता. राकेशच्या महाराजांपेक्षा जुना, आणि महाराजांपेक्षा जास्त मीठ वाहिलेल्या बाईने केलेला. पण त्या कायद्याला एक अट होती, आणि तीच तुळसाबाईंच्या घशात हाडासारखी अडकली. सोमवारी कॅप्सूल घ्यायची, तर आधी आपण आजारी आहोत असं म्हणायला हवं. पित्त नव्हे, वय नव्हे, दुःख आहे उतरेल असंही नव्हे. ज्या बाईने ताप अंगावर काढून मीठ वाहिलं, तिने म्हणायचं की नवरा गेला आणि माझं मन आजारी पडलं. गावातल्या रडव्या बायकांना त्या याच वाक्यासाठी हसत आल्या होत्या.

सोमवारी सकाळी न्याहारी झाली. तुळसाबाईंनी कॅप्सूल तळहातावर घेतली. निळी-पांढरी, शेवग्याच्या शेंगेतल्या बीएवढी. एवढ्याशा जिनसेने आपल्याला काय काय कबूल करायला लावलं!

"दर्शना! पाणी आण."

दर्शना पेला घेऊन आली. तळहाताकडे बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या वाराकडे बघितलं.

"मी आजारी हाय ना गो?"

"हो आई."

"मग हे तोंडावर सांगायला काय झालेलं तुला एवढे महिने?"

"तुम्ही मारलं असतंत."

"मारलंच असतं," तुळसाबाई म्हणाल्या आणि कॅप्सूल गिळली.

पुढचे दिवस काही सोन्याचे नव्हते. आठवडाभर मळमळ राहिली. दर्शना जेवणानंतर आल्याचा तुकडा हातावर ठेवायची. घामाने पोलकी भिजायची. पण डोळ्यांमागचं चमकणं थांबलं. मग एका पहाटे जाग आली तेव्हा त्या पडून राहिल्या नाहीत. दुधवाल्याने पिशवी दारात न टांगता जमिनीवर ठेवली, याचा राग येऊन उठल्या. एका बुधवारी त्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "ही भाकरी केलीस की बाळकुमचा नकाशा? खाडी कुठली ते तेवढं दाखव." दर्शना आत जाऊन धनेशला फोन करत होती. ती हसत होती की रडत होती, हे तुळसाबाईंना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. धवल्याची दुसरी ओळ आंघोळ करताना आली. तिसरी तिच्या मागोमाग.

तोंडाची कोरड मात्र गेली नाही. बियांका म्हणाली, कमी होईल, घोट घोट पाणी प्या. तुळसाबाई म्हणाल्या, "तहानलेली कोकिळा ऐकलीस कधी?"

*

राकेशने समृद्धीची हळद मुद्दाम गुरुवारी ठेवली.

आगऱ्याची हळद म्हणजे गावाने मटणावर आडवा हात मारायचा दिवस. पण गुरुवारी मागणार कोण? डोंबिवलीच्या त्याच्या घरापुढे मोठा मांडव, त्यात पनीरच्या परातीमागून पराती, आणि पाहुणे असे जेवत होते जसं काय मयताला आलेत. तुळसाबाईंनी एक तुकडा तोंडात घालून बघितला. भिजलेलं खोडरबर. त्यांनी पान बाजूला सारलं, वरणभात जेवल्या, आणि बायकांच्या मधोमध चटईवर जाऊन बसल्या. समृद्धी पिवळ्या साडीत समोर पाटावर. उत्तरा हळदीची वाटी घेऊन उभी. बायका सरकून सरकून जवळ आल्या. कुणीतरी म्हणालं, "तुळसाबाय, धवले लावा आता."

जेवण झालं होतं. तुळसाबाईंनी पानाचा डबा उघडला, पाकीट काढलं, सगळ्यांच्या देखत कॅप्सूल तळहातावर घेतली.

राकेश पाहुण्यांना पनीरचा आग्रह करत फिरत होता. त्याचे डोळे बरोबर तिथेच आले. त्या डोळ्यांना दुसऱ्याचा घास दिसला नाही असं कधी झालंय? तो थांबला, आणि मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, हसत हसत म्हणाला, "आई! आज गुरुवार! मी सांगितलेलं ना तुम्हाला, ते मानसिकवालं औषध मांसाहारी असतं? निदान आजच्या दिवशी तरी!"

धनेश खुर्चीवरून अर्धा उठला. उत्तराने डोळे मिटले. आपला नवरा आणि आपली आई, दोघांनाही ती ओळखत होती.

तुळसाबाईंनी कॅप्सूल जिभेवर ठेवली, दर्शनाच्या हातातल्या तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि पदराने ओठ टिपले. मग, लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या जावयाला, त्याच्याच मांडवात, पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाल्या:

"जावईबापू, या, असे समोर या. गुरुवार मना माहीत हाय. तुम्ही सुरमईचे काटे चोखत होतात तवापासून मी तो पाळते. मी आजारी हाय. तुमचे सासरे गेले नि माझं मन आजारी पडलं, नि ही त्याची गोळी. आजाऱ्याला वार नसतो, हे माझ्या सासूने मना सांगितलंय, नि तिच्यापेक्षा मोठा तुमचा कुठला महाराज मी ओळखत नाय. माशी ताटावर बसली तर पदर हलवला की उडते. तुम्ही जावई, तुमाला हाकलायची सोय नाय, म्हणून एवढी वर्षं गप होते. आता ऐका. माळ स्वतःच्या गळ्यात घालायची असते, दुसऱ्याच्या घशात नाय. त्या पनीरवर झाकण ठेवा, कुणी खात नाय ते. तो पाण्याचा तांब्या भरून माझ्या हाताशी आणून ठेवा, माझं तोंड सुकतं. नि मग बाजूला सरका. माझ्या नातीचे धवले लागायचेत."